जुनी बॉक्स्टर घ्यायची आहे : बघायला जाताना नेमकं काय बघू?

पन्नाशीतला_पोरगा | शनिवार, रात्री १०.१२

मंडळी, आधीच हात जोडतो, हसू नका.

वय ५१. घराचं कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं, लेक नोकरीला लागली. आणि पंचविशीत वरळी सी-फेसवर कुणाची तरी छप्पर नसलेली गाडी बघून डोक्यात शिरलेला किडा पुन्हा वळवळायला लागला.

गाडी : पोर्शे बॉक्स्टर, २०१० चं मॉडेल, नोंदणी २०११ ची, एमएच-०२. लाल. २.९ लिटर, पीडीके (पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स. ओडोमीटरवर २९ हजार. दुसरा मालक, पण विकतोय अंधेरीचा एक डीलर. मागणी ३२ लाख. डीलर म्हणाला, "साहेब, ही गाडी फक्त रविवारी सकाळी बाहेर निघायची. मरीन ड्राइव्हला एक चक्कर की परत कव्हरखाली."

काल बघून आलो. बसलो, छप्पर उघडलं, चावी फिरवली. आवाज पाठीमागून येतो हो! पुढचं मला काही नीट आठवत नाही. सोमवारी ५० हजार टोकन द्यायचं कबूल करून आलोय.

माझा अनुभव म्हणाल तर मारुती ८००, सँट्रो आणि आत्ताची सिटी. जुनी गाडी घेताना आमच्याकडे वडील टायरला लाथ मारायचे आणि मामा बोनेट उघडून "हं" म्हणायचे. इथे बोनेट उघडलं तर आत इंजिनच नाही, डिकी निघाली. तेव्हा जाणकारांनी सांगावं.

टिकोजीराव | शनिवार, रात्री १०.२०

टोकन द्यायच्या आधी धागा काढलात म्हणजे अजून आशा आहे. एवढ्या पैशात नवी इनोव्हा येते, सात माणसं बसतात आणि बोनेटखाली इंजिनही असतं. (हलके घ्या.)

वेगात_मंद | शनिवार, रात्री १०.३१

बॉक्स्टर??? आयएमएस बेअरिंग! गूगल करा. चालता चालता इंजिन फुटतं. पळा.

सौ_घोडे | शनिवार, रात्री ११.०५

@वेगात_मंद, अर्धवट माहितीने माणसाला घाबरवू नका. आयएमएस म्हणजे इंटरमीडिएट शाफ्ट, इंजिनातला मधला दांडा. त्याचा बेअरिंग म्हणजे जुन्या इंजिनांचं दुखणं, साधारण २००८ पर्यंतच्या गाड्यांचं. २००९ पासून बॉक्स्टरला नवं इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच नाही. २.९ लिटर म्हणजे नवंच इंजिन. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी भानगड ३.४ लिटरच्या 'बॉक्स्टर एस'ला आहे, २.९ ला नाही, तेवढीच एक कटकट कमी. माझ्याकडे याच पिढीची गाडी सात वर्षं आहे म्हणून सांगतो.

आता पोरगेसाहेब, मला एकच सांगा. काल तुम्ही चावी फिरवली तेव्हा इंजिन थंड होतं का?

पन्नाशीतला_पोरगा | शनिवार, रात्री ११.११

माहीत नाही. डीलरने आधी बाहेर काढून उभी केली होती. "तुमच्यासाठी तयार ठेवली" म्हणाला.

सौ_घोडे | शनिवार, रात्री ११.३४

तयार ठेवली म्हणजे गरम करून ठेवली.

गरम इंजिन सगळं झाकतं. सुरू होतानाची खडखड, निळा धूर, अडखळत धरलेला आयडल हे सगळं रात्रभर थांबलेल्या गाडीच्या पहिल्या दीड मिनिटात कळतं, नंतर नाही. तेव्हा पुन्हा जा, सकाळी सातला जा, आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की मी आल्याशिवाय सुरू करायची नाही. पोचल्यावर नमस्कार-चमत्कार नंतर, आधी सायलेन्सरच्या टोकाला हात लावा. इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन चालू करून तापमानाचा काटा बघा. कोमट लागलं तर चहा पिऊन घरी या.

एक मात्र लक्षात असू द्या, हे आडवं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, तीन इकडे तीन तिकडे. बरेच दिवस उभ्या गाडीत थोडं ऑइल सिलिंडरात झिरपतं, सुरू करताना धुराचा एखादा भपका निघतो आणि विरतो. तेवढ्याने बिचकू नका. पण धूर मिनिटभर पांढरा ढग होऊन येतच राहिला तर ऑइल-हवा वेगळा करणारा सेपरेटर गेला असण्याची शक्यता. तो भाग काही फार महाग नाही, पण पोचायला कठीण जागी आहे, मजुरी घेते.

ऑइल मोजायची काडी शोधू नका, या गाडीला ती नाहीच. डॅशबोर्डच्या पडद्यावर पातळी बघायची. ऑइल आणि कूलंट भरायची टोपणं मागच्या डिकीत आहेत. आणि टोकन देऊ नका. कबूल केलं असलंत तरी देऊ नका.

ग्रीसवाला | रविवार, सकाळी ६.५०

वरच्या साहेबांनी बरोबर सांगितलं. मी कुर्ल्यात २२ वर्षं गॅरेज चालवतो, पोर्शे आमच्याकडे महिन्यात एखादी येते, पण चार चाकं सगळ्यांना सारखीच.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. डीलर म्हणेल लिफ्ट नाही. मग म्हणायचं, माझ्या माणसाकडे घेऊन चला, पैसे मी देतो. इथेच निम्मे डीलर गार होतात. जो नाही म्हणतो त्याची गाडी बघायची गरज नाही, त्याने उत्तर दिलेलं असतं.

लिफ्टवर पहिलं बघा पुढचे रेडिएटर. या गाडीत इंजिन मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत. समोर जाळी उघडी. मुंबईची सगळी पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या आत जाऊन बसतात. त्यावर पावसाचं पाणी, मग कुजतं, मग समोरचा एसीचा कंडेन्सर सडतो. बॅटरी मारून आत डोकवा. एकदा एका गाडीतून मी अख्खी हळदीकुंकवाची पिशवी काढली होती.

दुसरं, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तो सांधा. थोडा ओलसर असेल तर चालतं, थेंब लोंबत असेल तर मागच्या सीलचा खर्च. तिसरं, कूलंटचे गुलाबी-पांढरे सुकलेले ओघळ वॉटर पंपाजवळ. चौथं, सगळे बोल्ट आणि सायलेन्सरचे पट्टे. गाडी जुहू, वांद्रे, वरळीच्या समुद्राकाठी राहिली असेल तर गंज सांगतो. कागदावर पत्ता काहीही असू दे.

ब्रेकच्या डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. २९ हजारांत डिस्क संपत आली असेल तर प्रश्न विचारा.

सौ_घोडे | रविवार, सकाळी ७.१५

+१. आणि ग्रीसवाले, छपराची भोकं राहिली.

कापडी छप्पर मिटून जिथे बसतं त्या खाचेत दोन्ही बाजूंना पाणी निघून जायची भोकं आहेत. गुलमोहराची बारीक पानं त्यात गेली की भोक बुजतं आणि पावसाळ्यात पाणी सीटखाली. १९९६ ते २००४ च्या पहिल्या पिढीत तर इमोबिलायझरची पेटीच ड्रायव्हरच्या सीटखाली होती, म्हणजे एका झाडाच्या पानांनी गाडी बंद. तेव्हा छप्पर अर्धं उघडून थांबवा, बोटाने चाचपा, बाटलीभर पाणी ओता आणि खाली जमिनीवर पडतंय का बघा. सीटच्या मागचा गालिचा दाबून ओल बघा. वास घ्या. कापडावर काळे ठिपके म्हणजे बुरशी. गाडी आठ महिने कव्हरखाली घामेजून पडली होती.

नीलम_ठाणे | रविवार, सकाळी ९.०२

पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहिते, कारण आम्ही त्यातून गेलोय.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. त्यानंतर त्या बुडलेल्या गाड्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. त्यातली एक आमच्याकडे आली. २००६ मध्ये ह्यांनी एका डीलरकडून हौसेने सेडान घेतली. आतून चकाचक, सीटना नवी कव्हरं, आणि अत्तराचा असा घमघमाट की लग्नाला निघाल्यासारखं वाटावं. चार महिन्यांनी एकेक काच वर जायची बंद झाली. मग हॉर्न आपोआप. एकदा तर रात्री दोनला सोसायटीच्या आवारात वायपर सुरू झाले, वॉचमनने भूत समजून आम्हाला उठवलं.

शेवटी एका म्हाताऱ्या वायरमनने सीटबेल्ट पूर्ण, अगदी टोकापर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर वाळलेला चिखल. नेहमीच्या वापरात तेवढा पट्टा कधी बाहेर येतच नाही, त्यामुळे साफ करणाऱ्याच्याही लक्षात येत नाही.

तुमची गाडी २०११ ची, म्हणजे २००५ चा प्रश्न नाही. पण २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आहे, आणि त्याशिवाय दरवर्षीचं हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे आहेच. एवढ्या बुटक्या गाडीला तर गुडघाभर पाणी म्हणजे गळ्याशी. तेव्हा दोन्ही बेल्ट ओढा, सीटच्या रुळांचे स्क्रू बघा, फ्यूजच्या डब्यात गाळ आहे का बघा, आणि आत अत्तर मारलेलं असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं बसा. अत्तर विरतं, कुबट वास राहतो.

विमा_पाहणी | रविवार, सकाळी १०.४०

नीलमताई, अगदी खरं. मी सर्व्हेअर आहे, बेल्ट ओढणं ही आमचीही पहिली युक्ती.

त्यात भर. बुडलेली गाडी सुरू करायचा प्रयत्न केला आणि पाणी सिलिंडरात जाऊन कनेक्टिंग रॉड वाकला, तर साध्या पॉलिसीत इंजिनाचा तो खर्च सहसा मिळत नाही, इंजिन संरक्षणाचं वेगळं ॲड-ऑन लागतं. म्हणून बरेच लोक दावा न करताच गाडी विकून मोकळे होतात आणि दाव्याच्या इतिहासात काही दिसत नाही. "क्लेम नाही" याचा अर्थ "काही झालं नाही" असा घेऊ नका.

मागच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. हस्तांतरणानंतर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. आणि रंगाची जाडी मोजायचं मीटर कुणाकडून तरी उसनं आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास. एखाद्या दरवाजावर ३०० दिसलं की दुसऱ्यांदा रंगवलाय, हजारच्या पुढे म्हणजे खाली पुट्टी. लोखंडावरच चालणारं स्वस्त मीटर ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मुकं राहतं, आणि बंपर प्लास्टिकचे, तिथे काहीच दाखवणार नाही.

आरटीओ_वारी | रविवार, दुपारी १२.२५

कागदांबद्दल कुणीच बोलत नाहीये, आणि खरी गंमत तिथे आहे.

नोंदणी २०११ ची ना? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. आरसीवर 'वैध' तारीख बघा. ती संपली किंवा संपत आली असेल तर आरटीओत फिटनेस करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. २०२२ पासून नूतनीकरणाचं शुल्क साध्या कारला पाच हजार आणि आयात केलेल्या कारला ४० हजार झालं. तुमची कुठल्या रकान्यात धरतात ते सौदा व्हायच्या आधी अंधेरी आरटीओत विचारा, आणि तो खर्च किमतीतून वळता करून घ्या.

कर्ज होतं का? असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. हस्तांतरणाला २९ आणि ३०. ई-चलनं भरलेली हवीत. मागचा मालक कोस्टल रोडवर उडवत असेल तर ती रक्कमही छोटी नसते. एचएसआरपी पाटी हवी. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि विंडस्क्रीनच्या कोपऱ्यातला नंबर स्वतः वाचा, १७ अक्षरं, फोटोवर विसंबू नका.

अवांतर : कुणी पीवाय पाटीची स्वस्त गाडी दाखवली तर मोहात पडू नका. पुदुच्चेरीत कर वाचवून आणलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथे नोंदणी आणि इथला कर, जो महागड्या पेट्रोल गाडीला १३ टक्के.

टिकोजीराव | रविवार, दुपारी १.००

लोक लग्नाआधी मुलीची एवढी चौकशी करत नाहीत.

नीलम_ठाणे | रविवार, दुपारी १.०४

मुलाची करायला हवी. पण तो वेगळा धागा.

पन्नाशीतला_पोरगा | मंगळवार, रात्री ९.३०

मंडळी, शिरसाष्टांग नमस्कार. टोकन दिलं नाही. डीलर चिडला, "तीन पार्ट्या लाइनमध्ये आहेत" म्हणाला. मी म्हटलं, आज सकाळी सातला येतो, हात लावू नका. बायको म्हणाली, मुलीच्या शाळेच्या रांगेला तू कधी इतक्या लवकर उठला नाहीस.

वृत्तांत असा. सायलेन्सर गार. गाडी सुरू झाली, एक भपका आणि साफ. बेल्ट टोकापर्यंत ओढले, कोरडे, स्वच्छ. अत्तर नाही. पाणी ओतलं, डावीकडून लगेच खाली पडलं, उजवीकडून मिनिटभराने ठिबकलं. चॅसिस नंबर जुळला. पुढच्या डिकीच्या आतलं स्टिकर जागेवर आहे. रंग सगळीकडे १२० ते १४०, फक्त डावा मागचा कोपरा २६०.

मग ईस्टर्न फ्रीवेवर चालवली. मंडळी, मी इतकंच म्हणेन की चेंबूरच्या टोकाला उतरल्यावर मी अकारण हसत होतो.

आता नावडतं. स्टिअरिंगचं चामडं वरच्या बाजूला चकचकीत झिजलंय. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड दबलीये. पुढच्या डिस्क जवळजवळ कोरलेल्या आकड्यापर्यंत आल्यात. हळू चालवताना, ट्रॅफिकमध्ये पहिल्यातून दुसऱ्यात जाताना हलकासा झटका देते. आणि ग्रीसवाल्यांनी पत्ता दिलेल्या माणसाकडे पोर्शेचं खास सॉफ्टवेअर होतं, त्याने इंजिनच्या कॉम्प्युटरमधून वाचलं : इंजिन चाललेले तास २,४००.

त्याने चष्मा वर केला आणि मला विचारलं, "रविवारी सकाळी?" मला काही कळलं नाही. कुणी उलगडून सांगेल का?

सौ_घोडे | मंगळवार, रात्री ९.५२

भागाकार करा हो! २९,००० भागिले २,४००. ताशी १२ किलोमीटर.

माझी गाडी खरोखर रविवारची आहे. ५२ हजार किलोमीटर, १,९०० तास. म्हणजे सरासरी २७. लोणावळ्याच्या फेऱ्या त्यात आल्या, घरासमोरचा सिग्नलही आला. रविवारी सकाळी सहाला मरीन ड्राइव्हला १२ च्या वेगाने जायला गाडी ढकलत न्यावी लागेल.

हा आकडा साध्या दोन हजारांच्या ओबीडी स्कॅनरवर दिसत नाही, म्हणून डीलर लोक विसरतात. साध्या स्कॅनरवर एवढं मात्र बघता येतं की बिघाडाचे कोड नुकतेच पुसलेत का. पुसले असतील तर 'रेडिनेस'च्या चाचण्या अपूर्ण दिसतात.

वेगात_मंद | मंगळवार, रात्री १०.०१

म्हणजे मीटर मागे फिरवलंय! गाडी ७० हजार चाललीये. पळा (पुन्हा).

विमा_पाहणी | मंगळवार, रात्री १०.२०

शक्य आहे, सिद्ध नाही. जुन्या पॉलिसी मागा. मध्ये कुठे पॉलिसी खंडित झाली असेल तर नवी देताना कंपनी गाडीचे फोटो घेते, त्यात ओडोमीटरचाही असतो. सर्व्हिसच्या बिलांवर किलोमीटर असतात. तारखा आणि आकडे एका कागदावर क्रमाने लिहा, आकडा कुठे खाली आला की पकडला गेला.

पन्नाशीतला_पोरगा | गुरुवार, रात्री ८.४५

केलं. पॉलिसी सलग आहे. डीलरकडे सर्व्हिसची बिलं फक्त तीन : २०१३, २०१६, २०२१. आकडे चढतेच आहेत, ९ हजार, १७ हजार, २५ हजार. म्हणजे मीटर फिरवलेलं नाही असं दिसतं. मग तास कुठून आले?

म्हणून एक आगाऊपणा केला. आरसीवर जुहूचा पत्ता होता. काल ऑफिसातून परस्पर गेलो आणि इमारतीच्या वॉचमनला विचारलं. तो गडी खूश झाला. "लाल गाडी? वो तो साहब रोज ले जाते थे, बीकेसी, ऑफिस. शाम को नौ बजे आते थे." मी विचारलं, संडे को? म्हणाला, "संडे को तो खड़ी रहती थी. साहब सोते थे."

ग्रीसवाला | गुरुवार, रात्री ९.१०

हाहाहा. झालं कोडं सुटलं.

किलोमीटर खरे, गोष्ट खोटी. जुहू ते बीकेसी संध्याकाळी तासभर लागतो, अंतर किती? दहाच्या आसपास. गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, पंखे फुल. मुंबईत मी किलोमीटर बघतच नाही, तास बघतो. या इंजिनाने कामं केलीत ७० हजारवाल्या गाडीइतकी, आणि ती सुद्धा हवा न लागता, तापलेल्या अवस्थेत. पीडीकेचे क्लच अर्धे दाबलेले, पुढे सरक, थांब, पुढे सरक. म्हणून पहिल्या-दुसऱ्यात झटका. ब्रेक संपले ते याचमुळे. वॉटर पंप, रबरी नळ्या, इंजिनचे माउंट सगळे भाजले. हल्ली पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या नळ्या तर वेगळ्या तपासा.

खरी गोम तीन बिलांत आहे. "गाडी चाललीच कुठे, २५ हजार तर झालेत" म्हणून पाच पाच वर्षं ऑइल बदललं नाही. पीडीकेचं ऑइल तर बदललंच नसणार. त्या गिअरबॉक्सचा आतला सेन्सर गेला की बऱ्याच वेळा अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगतात. तो आकडा ऐकून बसायला खुर्ची घ्या.

नीलम_ठाणे | गुरुवार, रात्री ९.२५

मग मीटर फिरवलं नाही म्हणून डीलर प्रामाणिक म्हणायचा की काय?

आरटीओ_वारी | गुरुवार, रात्री ९.३१

डीलरने खोटं सांगितलं ते एकच वाक्य, 'रविवारी'. आणि त्याचेच तो पाच लाख जास्त मागतोय.

टिकोजीराव | गुरुवार, रात्री ९.४०

वॉचमनला इथे आयडी काढून द्या. सर्वात उपयुक्त प्रतिसाद त्याचा आहे.

सौ_घोडे | गुरुवार, रात्री १०.१५

पोरगेसाहेब, ही गाडी वाईट नाही. २२-२३ ला मिळाली, आणि चार-पाच लाख बाजूला ठेवले, तर मीही विचार केला असता. पण लाल रंगाच्या प्रेमात पडून ३२ देऊ नका. डीलरसमोर भागाकार मांडा, वॉचमनचं नाव काढू नका, बिचाऱ्याची नोकरी आहे.

पन्नाशीतला_पोरगा | रविवार, रात्री ७.२०

मांडला. डीलर म्हणाला, "साहेब, इतका हिशेब करणाऱ्याने स्पोर्ट्स कार घेऊ नये." २९ च्या खाली येईना. मी उठलो. पार्किंगमधून बाहेर पडताना तिच्याकडे वळून बघितलं नाही. म्हणजे, एकदा बघितलं.

पन्नाशीतला_पोरगा | दीड महिन्यानंतर, रविवार, रात्री ९.००

धागा वर काढतोय, माफी.

सीवूड्सला एक मिळाली. त्याच पिढीची, तेच २.९, पीडीके. रंग राखाडी. बायको म्हणाली, सिमेंटच्या मिक्सरसारखी दिसते. ओडोमीटर ६१ हजार. पहिलाच मालक, निवृत्त गृहस्थ, आणि त्यांनी माझ्यासमोर फाइल ठेवली, लग्नाच्या अल्बमएवढी. दरवर्षीचं ऑइल, पीडीकेचं ऑइल, प्लग, बॅटऱ्या, २०१९ मध्ये बदललेले वायपरसुद्धा. मी न सांगता सकाळी साडेसहाला कव्हर काढून थांबले होते, गाडी गार. म्हणाले, "सुरू तुम्हीच करा. आणि आधी हात लावून बघा."

तास २,३००. तुमच्या आधी मीच भागाकार केला, २६ आणि थोडे.

दोष लिहितो, नाहीतर तुम्ही विचारणारच. मागचे टायर ३४१६, म्हणजे २०१६ चा ३४ वा आठवडा, खाचा भरपूर पण रबर दगड. ते जाणारच. उजवीकडचं छपराचं भोक बुजलेलं, सीटमागे ओल होती पण तारांपर्यंत गेलेली नव्हती. पुढच्या डाव्या रेडिएटरसमोर पामच्या झावळीचा तुकडा, कंडेन्सरचा खालचा कोपरा पांढरा पडलाय. वॉटर पंपाखाली गुलाबी ओघळ. पुढचे कंट्रोल आर्म खड्ड्यात 'टक' करतात. नूतनीकरण डोक्यावर. हे सगळं ग्रीसवाल्यांकडे लिफ्टवर चढवून, एकेकाचा आकडा लिहून, ते सगळं त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पंपाच्या मजुरीवर थोडी हुज्जत घातली, बाकी मान्य. ३० मागत होते, साडेसत्तावीसला सौदा झाला. पैसे बँकेतून, फॉर्म २९-३० वर सह्या त्याच टेबलावर.

ग्रीसवाला | रविवार, रात्री ९.१२

अभिनंदन साहेब. पंप या आठवड्यात करून घ्या, टाळू नका. झावळी मी काढून ठेवलीय, आठवण म्हणून पाहिजे असेल तर घेऊन जा.

नीलम_ठाणे | रविवार, रात्री ९.२०

अभिनंदन! बेल्ट ओढलेत ना?

पन्नाशीतला_पोरगा | रविवार, रात्री ९.२४

दोन्ही, ताई. मालक बघत होते, म्हणाले, "शेवटपर्यंत ओढणारे तुम्ही पहिले."

वेगात_मंद | रविवार, रात्री ९.४०

अभिनंदन. आयएमएस बेअरिंग नाही ना?

सौ_घोडे | रविवार, रात्री ९.४१

नाही!!!

टिकोजीराव | रविवार, रात्री ९.५५

वडापावची पार्टी खोपोलीला. दोनच जण येऊ शकतात हे लक्षात आल्यामुळे खर्च कमी. अवांतर, सोसायटीचा स्पीडब्रेकर कसा ओलांडता?

पन्नाशीतला_पोरगा | रविवार, रात्री १०.१०

तिरका. एकेक चाक. वॉचमन पुढे उभा राहून हाताने "अजून, अजून, बस" करतो, विमान धक्क्याला लावल्यासारखं. मेकॅनिकल पार्किंगच्या ट्रेवर चढत नाही, पुढचा ओठ घासतो, म्हणून सेक्रेटरींनी पाहुण्यांच्या जागेत महिनाभर उभी करू दिलीय. वर गुलमोहर आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की छप्पर अर्धं उघडून गवत कापायच्या ट्रिमरची नायलॉनची तार भोकात घालतो. शेजारी बघतात.

आज आईला सिद्धिविनायकाला घेऊन गेलो. ७८ वर्षांची आहे. म्हणाली, "एवढ्या पैशात दोनच माणसं?" पण सी-लिंकवर छप्पर उघडं ठेवायला तिनेच सांगितलं, पदर डोक्यावरून घट्ट बांधून. बसताना झालं. उतरताना मात्र मी आणि एक फुलवाला, दोघं लागलो.